सिमेंटचा पत्रा

हिंगोली जिल्ह्यातील जुन्या गावांत अजूनही काही माळवदाची घरे दृष्टीस पडतात. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर, असे हे छप्पर वैशाखातही घर थंड ठेवते. परंतु त्याला लाकूड फार लागते आणि पावसाळ्यापूर्वी डागडुजीही करावी लागते. म्हणून हलका, स्वस्त, न गंजणारा व न जळणारा सिमेंटचा पत्रा आला, तेव्हा लोकांना तो मोठा सोयीचा वाटला.

नुसते सिमेंट पातळ थापले तर सहज तडकते. भिंतीच्या चिखलात भुसा कालवला की ती भेगाळत नाही, हे खेड्यातील प्रत्येकाला ठाऊक असते. पत्र्यातील सिमेंटला असाच आधार ॲस्बेस्टॉसचे तंतू देतात. ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे. ते खडकात सापडते, तरी त्याचे कापसासारखे तंतू सुटतात आणि ते अग्नीत जळत नाहीत. सुमारे १९०० साली ऑस्ट्रियातील लुडविग हात्शेक यांनी हे तंतू व सिमेंट पाण्यात कालवून, कागद करण्याच्या रीतीने, त्यांचे पातळ थर एकावर एक बसविले. पुढे हे पत्रे जगभर पसरले.

मात्र ज्या तंतूंनी पत्र्याला बळ दिले, तेच माणसाला घातक ठरले. पत्रा कापताना, घासताना किंवा फोडताना हे अतिसूक्ष्म तंतू धुळीबरोबर उडतात व श्वासावाटे फुप्फुसांत रुततात. तेथे ते विरघळत नाहीत. वीस ते चाळीस वर्षांनी त्यांतून दम लागण्याचा असाध्य विकार किंवा कर्करोग उद्भवू शकतो. कारखान्यांतील कामगारांना याची झळ सर्वांत अधिक पोहोचली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अशा कामगारांच्या आरोग्याची तपासणी करण्याचा व तिच्या नोंदी जपण्याचा आदेश दिला. साठांहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसचा वापर बंद केला आहे. भारतात अशा पत्र्यांवर सरसकट बंदी नाही. तथापि ॲस्बेस्टॉसविरहित पत्रेही आता मिळतात.

छपरावरील पत्रा अभंग असेल, तर भिण्याचे कारण नाही. सिमेंटने तंतू घट्ट धरून ठेवलेले असतात. परंतु तो खरवडून साफ करू नये. मुलांनी फुटक्या पत्र्याचा तुकडा ठिकरी म्हणून खेळायला घेऊ नये. पत्रा उतरवायचाच झाला, तर तो जाणत्या माणसांकडून, पाण्याने भिजवून, न फोडता उतरवावा.

वस्तूचे गुण लवकर नजरेत भरतात. दोष कळण्यास कधीकधी एक पिढी जावी लागते. ते कळल्यावर सावध होणे, हेच शहाणपण होय.