आधी ओझे उतरवा, मग पाटा!

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या पाट्यांवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या घरात पुस्तके माझ्याबरोबरच आली. त्यापूर्वी घरात होते ते पाने, हातोडे आणि रॉकेलचा वास. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका गॅरेजमध्ये गेली तीस वर्षे मिस्त्रीकाम करतात. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. ती जन्मतःच तशी असावी, अशी माझी समजूत होती. खरे कारण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कळले, आणि म्हणूनच हा लेखनप्रपंच.

त्या सुट्टीत एका निवृत्त गुरुजींची जुनी अ‍ॅम्बॅसिडर गॅरेजात आली. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी मोटारीवरून घडवलेली ही गाडी. बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. पण हौशी माणसांनी तिला अजून जिवापाड जपले आहे. गुरुजींची गाडी मागच्या डाव्या बाजूला झुकली होती. आबांनी खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "पाटा तुटलाय."

पाटा म्हणजे काय? मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना पोलादी पट्ट्यांची एकेक जुडी बांधलेली असते. सर्वांत लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. पुढचा डोळा बोल्टने गाडीच्या अंगाला जोडलेला, तर मागचा शॅकल नावाच्या हलत्या दुव्यात अडकवलेला. कारण पाटा दबला की लांबतो आणि त्या लांबण्याला जागा लागते. मधोमध यू आकाराचे बोल्ट पाट्याला अ‍ॅक्सलशी आवळून धरतात.

अ‍ॅम्बॅसिडरचे वजन सुमारे ११०० किलो. त्यातला मोठा वाटा मागचे दोन पाटे रात्रंदिवस पेलतात. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला: जितका ताण, तितका जोर. वाक दुप्पट झाला की जोर दुप्पट होतो; पण आत साठलेली शक्ती मात्र चौपट होते. दबलेला पाटा वरून निपचित दिसतो, पण तो निपचित नसतो. म्हणून या कामाचे सारे शहाणपण एका वाक्यात आहे: आधी पाट्यावरचे ओझे उतरवा, मगच पाट्याला हात लावा.

आता कृती. आदल्या दिवशीच यू बोल्टच्या नटांवरची माती खरवडून त्यांना गंज सोडवणारे तेल पाजावे. गंजलेल्या नटाशी गाडीखाली कुस्ती खेळणे हेच अनेक अपघातांचे मूळ असते. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. "हँडब्रेक ओढलाय की," असे मी म्हणालो, तेव्हा आबा हसले. हँडब्रेक धरतो तो मागच्या चाकांना, आणि तीच तर आपण हवेत उचलणार!

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच किंचित सैल करावेत. मग अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्याखाली जॅक लावून गाडी उचलावी. पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या जरा पुढे, गाडीच्या अंगाचा जिथे मजबूत भाग आहे, तिथे दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या ठेवून गाडी त्यांच्यावर टेकवावी. नुसत्या पातळ पत्र्याखाली घोडी लावू नये. विटा किंवा दगड तर कधीच नाही. आबांचे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे: "जॅक उचलायला असतोय, घोडी ठेवायला." जॅकमधले तेल कधी गळेल याची खात्री नसते. घोड्यांवर टेकलेली गाडी बाहेर उभे राहूनच हलवून पाहावी. ती हलली नाही, तरच खाली जावे.

आता चाके काढावीत. गाडीचे ओझे घोड्यांवर गेले, पण अ‍ॅक्सलचे? ते जॅकने पेलायचे. म्हणून जॅक काढून टाकायचा नाही. शॉकअब पाट्याच्या बाजूने सोडवावा आणि जॅक हळूहळू खाली घ्यावा. पाटा ना दबलेला, ना अ‍ॅक्सलच्या वजनाने ओढला गेलेला, अशी एक मधली जागा सापडते. तिथे थांबावे. अ‍ॅक्सल लोंबकळू दिला, तर ब्रेकची रबरी नळी ताणून फाटू शकते.

यू बोल्टचे चारही नट आलटून पालटून थोडे थोडे सैल करावेत. मग शॅकल आणि शेवटी पुढचा बोल्ट. बोल्ट ठोकून काढताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि तोंड बोल्टच्या रेषेत नको. पाटा चांगलाच जड असतो. दुसऱ्या माणसाने तो धरलेला असावा.

पाटा बाहेर आला. काम संपले असे समजून मी सेंटर बोल्टला पाना लावला. सगळ्या पट्ट्यांना मधोमध ओवून धरतो तो हा बोल्ट. तोच आबांनी माझे मनगट धरले. काही न बोलता त्यांनी आपली करंगळी माझ्यासमोर धरली.

जुडीतली प्रत्येक पट्टी सारखी वाकवलेली नसते. आखूड पट्टीला बाक जास्त असतो. सगळ्यांना जबरदस्तीने एकत्र आवळलेले असते. त्यामुळे गाडीबाहेर काढलेल्या पाट्यातही ताण उरतोच. बोल्ट सुटला की पट्ट्या उसळून अलग होतात. आबा एकोणीस वर्षांचे असताना, म्हणजे आज मी आहे त्या वयाचे असताना, अशाच एका पट्टीने त्यांचे बोट मोडले. जुडी आधी शिकंज्यात पकडायची आणि बोल्ट काढल्यावर शिकंजा सावकाश सैल करायचा, हे त्यांना वस्तादांनी नंतर सांगितले.

जोडणी उलट्या क्रमाने. मात्र डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळावेत. नाहीतर आतले रबरी बुश पिळलेल्या स्थितीत अडकून लवकर फाटतात. यू बोल्ट नवे घालावेत आणि थोडी गाडी चालल्यावर पुन्हा आवळून पाहावेत. दोन्ही बाजूंचे पाटे शक्यतो जोडीने बदलावेत. आणखी एक सूचना: ही रीत पाट्यांची आहे. गोल वळ्यांच्या स्प्रिंगला ती लावू नये. तिला दाबून धरणारे वेगळे अवजार लागते.

गॅरेजात माझ्याच वयाचा एक मुलगा नुकताच कामाला लागला आहे. त्याच्यासाठी ही सगळी रीत मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली. आबा चौथीपर्यंत शिकले. त्यांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मला वाटले, शाबासकी मिळेल. ते म्हणाले, "एक ऱ्हायलं. काढलेली चाकं गाडीखाली आडवी सारायची. घोडी सरकलीच, तर गाडी चाकावर बसती, माणसावर न्हाई. ते लिही."

मी लिहिले. पुठ्ठा आता भिंतीवर टांगला आहे. वस्तादांनी आबांना हे उशिरा सांगितले, आबांनी मला वेळेवर सांगितले. त्या मुलाला तरी ते आधीच वाचायला मिळावे.