डोंबिवलीच्या संख्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

द. रा. कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूत झाला. माध्यमिक शिक्षण त्यांनी ठाण्यात घेतलं, पदवी पुण्याच्या फर्ग्युसनमधून मिळवली आणि पुढे देवळालीत शाळामास्तर म्हणून नोकरी केली. १, १२१, १२३२१ अशा ‘डेम्लो संख्यां’चा अभ्यास ही त्यांची देणगी. त्या संख्यांबद्दल आणि त्यांच्याशी नातं असलेल्या मूळ संख्यांबद्दल काही गैरसमज सहज होतात.

गैरसमज: डेम्लो हा कुणी परदेशी गणितज्ञ असावा.
वस्तुस्थिती: डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. जी. आय. पी. रेल्वेच्या या स्टेशनावर कापरेकरांना ही कल्पना सुचली. या संख्यांचे दोन्ही बाजूंचे भाग मिळवले की मधलाच अंक पुन्हा पुन्हा येतो. १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३, आणि मधला अंक ३.

गैरसमज: १२३४५६७८९८७६५४३२१ मूळ संख्या असणार.
वस्तुस्थिती: हा १११११११११ चा वर्ग आहे, त्यामुळे ती मूळ असूच शकत नाही. अंकांची बेरीज ८१ येते, म्हणजे तिला ९ नेही भाग जातो. उलट मध्ये १० घालून केलेली १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या मूळ आहे! दिसायला दोघी बहिणी, गुणधर्म मात्र विरुद्ध.

गैरसमज: कितीही १ घ्या, वर्गात हीच चढउतार दिसेल.
वस्तुस्थिती: नऊ वेळा १ येईपर्यंतच. दहा वेळा १ लिहून वर्ग केला की मधल्या रकान्याची बेरीज १० होते, हातचा पुढे सरकतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१.

गैरसमज: १ जितक्या वेळा लिहिला तो आकडा मूळ असेल, तर ती संख्याही मूळ.
वस्तुस्थिती: १११ = ३ × ३७ आणि सात वेळा १ असलेली १११११११ = २३९ × ४६४९. तीन आणि सात दोन्ही मूळ, तरी संख्या फुटल्या. उलट बाजू मात्र पक्की आहे: १ ची संख्या मूळ नसेल, तर अशी मोठी संख्या कधीच मूळ नसते. २, १९, २३, ३१७ आणि १०३१ वेळा १ लिहिला की मूळ संख्या मिळते.

गैरसमज: संगणकाने ‘बहुधा मूळ’ म्हटलं की काम संपलं.
वस्तुस्थिती: ४९,०८१ वेळा १ असलेली संख्या १९९९ मध्ये ‘बहुधा मूळ’ ठरली होती. ती मूळ असल्याची सिद्धता मिळाली २०२२ मध्ये. चाचणीने शंका जवळजवळ मिटते, खात्री फक्त सिद्धतेने होते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शिक्षकांनी १११ × १११ हा गुणाकार फळ्यावर उभा मांडून मुलांना रकाने मिळवायला लावावेत. सुंदर नमुना कुठून येतो आणि कुठे तुटतो, हे स्वतःच्या हाताने पडताळणारं मूल गणिताला कधी घाबरणार नाही.