सामायिक वही आणि चर्चचे गायन

१९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी महाजालावर अशी पाने उघडली की, वाचणाऱ्यालाच ती दुरुस्त करता यावीत. या पद्धतीचे नाव ‘विकी’. हवाई बेटांच्या भाषेतील ‘जलद’ या अर्थाच्या शब्दावरून ते घेतले आहे. २००१ मध्ये सुरू झालेला विकिपीडिया याच पायावर उभा आहे.

चर्चच्या जीवनाशी या साधनाचा संबंध काय? आम्ही गायकवृंदाचेच उदाहरण घेतो. इटलीचा संगीतकार पॅलेस्ट्रीना १५९४ साली निवर्तला. त्याच्या रचनांवर आज कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. परंतु २५ गायकांना २५ छापील प्रती लागतात, आणि तो खर्च लहान चर्चला जड जातो. १९९८ मध्ये राफाएल ओर्नेस यांनी ‘कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी’ हा महाजालावरील संग्रह सुरू केला. २००५ मध्ये तो विकीच्या पद्धतीवर आला. तेथे कोणी जुनी स्वरलिपी नव्याने उतरवून देतो, कोणी लॅटिन शब्दांचा अर्थ लिहितो, कोणी चुकलेला स्वर दाखवून देतो.

मग अनेकांचे हात लागलेल्या प्रतीवर विश्वास कसा ठेवावा? प्रतीबरोबर संपादकाचे नाव असते. पानात झालेल्या बदलांची नोंदही राहते. तरी ती तपासून मगच गायकांच्या हाती देणे, ही जबाबदारी गायनप्रमुखाचीच.

धर्मसिद्धान्त कोणी येता-जाता दुरुस्त करावेत, हे कोणतेही चर्च मानणार नाही. सेवेचे काम वाटून घेणे हा मात्र त्याचा जुना शिरस्ता आहे. आता एका गावच्या गायकाचे श्रम दूरदेशीच्या अनोळखी वृंदाच्या उपासनेस उपयोगी पडतात, हेच आम्हांस मोलाचे वाटते.