सायकल आली, पण एकटीला धाडायचं कसं?

गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल चार-पाच किलोमीटरवर आणि एस.टी.ची वेळ जुळत नाही. अशा गावांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या. २०११-१२ पासून राज्यातल्या १२५ तालुक्यांत हा कार्यक्रम राबवला गेला. तरी काही घरांत ती सायकल पडवीत नुसती उभी असते. बरोबरच्या मैत्रिणीने शाळा सोडली की "एकटीला कसं धाडायचं?" म्हणून हिचीही शाळा बंद! आई-बापाची भीती खोटी नाही. पण भीती नेमकी कशाची, हे सुटं करून पाहिलं तर इलाज सापडतो.

कुत्र्यांचंच घ्या. वस्तीवरचं कुत्रं पळत्या चाकामागे लागतं. जोरात पायडल मारलं की आणखी चेकाळतं. अशा वेळी खाली उतरावं, सायकल मध्ये धरावी आणि न पळता चालत पुढं जावं. बहुतेक कुत्री आपली हद्द सोडून फार पुढं येत नाहीत. चावलंच, तर हळद-चुना काही लावू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठून लस घ्यावी.

गळीत हंगामात रस्ता ट्रॅक्टरांचा होतो. डबल ट्रॉलीतली पुढची ट्रॉली गेली म्हणजे सुटलो असं नाही. वळणावर मागची ट्रॉली आत कापते. म्हणून साइडपट्टीवर उतरून उभं राहिलेलं बरं. खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, चाक घसरतं. ओढणी गाठ मारून घ्यावी, चाकात जाते. मागचा लाल रिफ्लेक्टर चिखलाने माखला असेल तर तो असून नसल्यासारखाच. रोज पुसावा.

आता अवघड विषय. फाट्यावर बसणारी टगी पोरं. मुलीने घरी सांगितलं आणि "उद्यापासून शाळा बंद" असं उत्तर मिळालं, तर पुढच्या वेळी ती तोंडच उघडणार नाही. तेव्हा "शाळा बंद करणार नाही" हा शब्द घरच्यांनी आधीच द्यावा. पोलीस पाटलांच्या कानावर घालावं. नड पडली तर ११२ नंबर आहेच. वाटेवरची गिरणी, दुकान, दोन-तीन वस्त्या यांची ओळख आईने एकदा बरोबर जाऊन करून द्यावी. ग्रामपंचायतीनेही वळणावरच्या वेड्या बाभळी तोडाव्यात, फाट्यावरचा दिवा चालू ठेवावा. हे काम मोठ्या खर्चाचं नाही. मनावर घ्यायचं आहे.

सवय मात्र टप्प्याटप्प्याने लावावी. सुट्टीच्या दिवशी थोरल्या माणसाने आधी शेजारून जावं, पुढच्या खेपेला शंभर पावलं मागं राहावं, मग एकटीला जाऊ द्यावं. आणि पडलेली चेन कशी बसवायची, ते बापाने अंगणात दोनदा तिच्याच हातून करून घ्यावं.