संग्रामदुर्गासाठी जुने मावळे

दिवाळीतला किल्ला पिंपरी-चिंचवडमध्ये आता अंगणापेक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्ये जास्त दिसतो, आणि त्याला स्पर्धेची जोड असते. मावळे मात्र बहुतेक जण दरवर्षी नवे आणतात. आमच्याकडे पत्र्याच्या ट्रंकेत वडिलांच्या लहानपणचे एकतीस मावळे आहेत, प्लॅस्टरचे, बोटभर उंचीचे. यंदा चाकणचा संग्रामदुर्ग करायचा ठरल्यावर हेच सैन्य रंगवून उभं केलं.

प्रसंग कोणता

संग्रामदुर्ग भुईकोट आहे. डोंगर रचावा लागत नाही. तट, बुरूज आणि खंदक पुरतात. जून १६६० मध्ये शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांच्याजवळ तीन-साडेतीनशे माणसं, तर समोर वीस हजारांच्या आसपास मोगल फौज. भर पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजला. बुरुजाखाली भुयार खणून मोगलांनी सुरुंग उडवला, तेव्हा ऑगस्टच्या मध्यावर तो पडला.

एका मावळ्यामागे साठ मोगल मांडणं कुणालाच जमणार नाही. म्हणून सगळे मावळे तटावर ठेवले आणि बाहेर नुसत्या कापडी राहुट्या दाटीने लावल्या. माझ्या मते वेढा असाच जास्त अंगावर येतो.

आधी खरवडणं

चाकणच्या कारखान्यात पेंट शॉपला काम केलेल्या कुणालाही विचारा. गाडीचा सांगाडा आधी धुतात, तेलकटपणा काढतात, मग प्रायमर, आणि रंगाची पाळी त्यानंतर. मावळ्यालाही हाच क्रम लागतो. जुन्या ऑइल पेंटचे पापुद्रे राहिले, तर नवा रंग त्यांच्यासकट निघतो. बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायचं, कोरड्या ब्रशने धूळ झटकायची. पाण्यात बुडवायचं नाही. मोडलेल्या भाल्याच्या जागी उदबत्तीची काडी फेव्हिकॉलने बसते. तुटलेलं मनगट मात्र आत तांब्याची बारीक तार घालूनच जोडावं, नुसता गोंद टिकत नाही.

पाय

सगळ्यात जास्त काळजी पायांची घ्या. किल्ल्यावर हळीव, मोहरी पेरलेली असते आणि रोज पाणी मारलं जातं. प्लॅस्टर ती ओल खालून शोषतं, रंग घोट्यापासून फुगतो आणि दोन दिवसांत सालपटं सुटतात. आमच्या मावळ्यांचे रंग वरून शाबूत आणि पाय तेवढे पांढरेफटक होते, ते यामुळेच. तळाला वॉर्निशचे दोन हात द्या, वाळल्यावर खाली प्लॅस्टिकच्या झाकणाची चकती चिकटवा आणि तिच्यावर माती भुरभुरा.

कपडे आणि चेहरा

बाजारातले मावळे एकाच साच्यातले आणि एकाच रंगाचे असतात. शिवकाळातल्या पायदळाला गणवेश नव्हता. म्हणून मळकट पांढरा, विटकरी, फिका पिवळा असे अॅक्रिलिक रंग घेतले. लाल मुंडासं चार-पाच जणांनाच दिलं. ढाली काळ्या, त्यांवर पितळी रंगाचे चार ठिपके. रंग वाळला की पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग कपड्यांच्या चुण्यांत सोडायचा आणि वरचा लगेच चिंधीने टिपायचा. चुण्या उठतात, माणूस जिवंत वाटतो. शेवटचा हात चकचकीत नको, मॅट वॉर्निशचाच.

डोळ्यांसाठी शून्य नंबरचा ब्रशही जाड पडतो. टाचणीचं टोक काळ्या रंगात बुडवून एकदाच टेकवायचं. आधी पांढरं भरून मग बुबुळ काढलं तर एवढ्या लहान चेहऱ्यावर मावळा दचकल्यासारखा दिसतो. मिशी मात्र प्रत्येकाची वेगळी काढली. दोघांच्या पांढऱ्या केल्या.

ट्रंकेत परत ठेवताना

वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई वॉर्निशला चिकटते. जुन्या सुती साडीचे तुकडे बरे. भाले एका दिशेला करून मावळे आडवे ठेवा, आणि त्याआधी आठवडाभर उन्हाबाहेर, वाऱ्यावर वाळू द्या.