दुधाचे दात : पडणारे, पण टाकाऊ नव्हेत

मूल सहा वर्षांचं होतं आणि एक दिवस खालचा पुढचा दात हलायला लागतो. मग घरात दुसरा विषय नसतो. पण त्याच सुमारास, कधी कधी त्याच्याही आधी, तोंडात पार मागे, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या पाठीमागे आणखी एक मोठी दाढ हिरडी फोडून वर येत असते. तिच्यासाठी कुठलाही दात पडावा लागत नाही, म्हणून ती आल्याचं बहुतेक घरांत कळतच नाही. कळलं तरी ती दुधाचीच दाढ समजली जाते. खरं तर ती पक्की दाढ असते. अशा वर दोन आणि खाली दोन, मिळून चार दाढा येतात आणि त्या म्हातारपणापर्यंत पुरवायच्या असतात. त्या किडल्या की ‘दुधाच्या आहेत, पडतील’ म्हणून तशाच सोडून दिल्या जातात. दुधाच्या दातांविषयी आपल्याकडे जे जे गैरसमज आहेत, त्यांत सर्वांत महागात पडणारा हाच, असं माझं मत आहे. लहान मुलांच्या पक्क्या दातांपैकी सर्वाधिक किडतात त्या याच दाढा.

त्या ओळखणं अवघड नाही. दुधाचे दात एकूण 20 असतात, प्रत्येक जबड्यात 10. म्हणजे मधल्या रेषेपासून एका बाजूला पाच : दोन पटाशीचे, एक सुळा आणि दोन दाढा. मुलाला उजेडात बसवून मधून मागे मोजत जायचं. सहावा दात लागला, तर तो पक्का. पाचवा वाढदिवस झाला की दर दोन-तीन महिन्यांनी आईवडिलांनी एवढं मोजलं, तरी पुढचा बराच त्रास वाचेल.

यातूनच आणखी एक समजूत दुरुस्त होते. ‘दुधाचा प्रत्येक दात पडतो आणि त्याच्या जागी नवा येतो’ हे बरोबर; पण प्रत्येक पक्का दात असाच कुणाच्या तरी जागी येतो, हे बरोबर नाही. 32 पक्क्या दातांपैकी 12 दाढा, म्हणजे सहाव्या वर्षीच्या चार, बाराव्या वर्षाच्या आसपासच्या चार आणि पुढे कधीतरी येणाऱ्या चार अक्कलदाढा, थेट मागच्या मोकळ्या जागेत येतात. दुधाच्या आठ दाढांच्या जागी येतात त्या उपदाढा. आणि हो, दुधाच्या दाढाही पडतात. ‘दाढा पडत नाहीत, फक्त पुढचे दात पडतात’ असं ठामपणे सांगणारी माणसं अजूनही भेटतात.

पडलेला दात हातात घेतला की तो जेमतेम मण्याएवढा दिसतो, खाली मूळ नसतं. त्यावरून लोक धरून चालतात की दुधाच्या दाताला मूळ नसतं, नस नसते, म्हणून तो दुखतही नसेल. वस्तुस्थिती वेगळी आहे. तिसऱ्या वर्षापर्यंत दुधाच्या दातांची मुळं पूर्ण तयार झालेली असतात, चांगली लांब, आणि आत रक्तवाहिन्या व नस असते. पुढे खालून पक्का दात वर सरकू लागतो, तेव्हा शरीरातल्या खास पेशी ते मूळ थोडं थोडं विरघळवून टाकतात. मूळ संपत आलं की दात सैल होतो आणि शेवटी नुसता वरचा भाग पडतो. खाली पक्का दात मुळातच नसेल, तर हे विरघळणं रेंगाळतं. काही माणसांच्या तोंडात तिशी-चाळिशीतही दुधाची एखादी दाढ टिकून असते, ती यामुळेच. सांगायचं एवढंच, की किडलेली दुधाची दाढ चार वर्षांच्या मुलाला आपल्या दाढेइतकीच दुखते. फरक इतकाच, की त्याला नीट सांगता येत नाही. ते एका बाजूनेच चावतं, चपाती टाळून वरणभातच मागतं, रात्री रडत उठतं, आणि आपण म्हणतो, हल्ली फार हट्टी झालाय.

आता त्या ‘पडणारच आहेत’चा हिशेब मांडू. पुढचे दात सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात हे खरं. पण दुधाच्या सुळ्यांचं आणि दाढांचं वय वेगळं आहे. त्या नऊ ते बारा वर्षांदरम्यान पडतात, आणि शेवटची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत कामावर असते. चौथ्या वर्षी किडलेली दाढ ‘पडेपर्यंत थांबू’ म्हणणं म्हणजे सहा-सात वर्षं थांबणं. तेवढी वाट कीड पाहत नाही. दुधाच्या दातांवरचं कठीण आवरण पक्क्या दातांच्या जवळपास निम्म्या जाडीचं असतं आणि आतली नस पृष्ठभागाच्या जवळ असते. त्यामुळे बारीक काळा ठिपका काही महिन्यांत नसेपर्यंत पोचू शकतो.

तिथून पू मुळाच्या टोकाशी आणि दाढेच्या मुळांच्या मधल्या हाडात साठतो. नेमक्या त्याच जागी, मुळांच्या कवेत, येणाऱ्या उपदाढेचा कोंब वाढत असतो. बराच काळ पू राहिला तर त्या कोंबाच्या आवरणाची घडण बिघडते आणि पक्का दात पिवळट-तपकिरी डागांचा, खडबडीत, कच्चा असा उगवतो. दंतवैद्य त्याला ‘टर्नरचा दात’ म्हणतात. पक्क्या दातांची घडण सहाव्या वर्षी सुरू होते ही समजूतही म्हणूनच चुकीची आहे. सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेचं घडणं जन्माच्या सुमारासच सुरू झालेलं असतं, आणि पुढच्या पक्क्या दातांचं जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत.

दुसरा प्रश्न जागेचा. दुधाची दाढ ही खालून येणाऱ्या उपदाढेसाठी राखून ठेवलेली जागा असते. ती दाढ आठव्या वर्षीच काढून टाकावी लागली, तर मागची सहाव्या वर्षीची पक्की दाढ पुढे सरकते, आणि दहा-अकराव्या वर्षी उपदाढ यायला निघते तेव्हा तिला वाट उरलेली नसते. ती आत तरी अडकते, नाहीतर रांगेबाहेर वाकडी येते. मग बाराव्या-तेराव्या वर्षी तारा लावायच्या आणि त्यासाठी हजारो रुपये मोजायचे. दाढ काढावीच लागली, तर त्या जागी ‘स्पेस मेंटेनर’ नावाची छोटी तार बसवतात. ती मागच्या दाढेला पुढे येऊ देत नाही. दाढ काढताना डॉक्टरांना त्याबद्दल आपणहून विचारावं. पुढचे दुधाचे दात लवकर पडले तर जागेचा प्रश्न सहसा इतका बिकट होत नाही.

दुधाच्या दातात चांदी किंवा सिमेंट भरणं, नसेचा उपचार करून वर स्टीलची टोपी बसवणं, हे ऐकलं की आजी-आजोबा हमखास म्हणतात, ‘अहो, दुधाच्या दाताला रूट कॅनल? नवा दात अडेल.’ अडत नाही. दुधाच्या दातांच्या मुळांत भरतात तो लेप मुळासोबत विरघळणाराच असतो आणि टोपीसकट दात आपल्या वेळेला पडतो.

किडीबद्दलची एक जुनी समजूत आजही टिकून आहे : दातात खरोखरचा किडा असतो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातून ‘किडे’ पाडून दाखवणारे वैदू खेड्यापाड्यांत अनेकांनी पाहिले असतील. खाली पडतात ते पांढरे तुकडे त्या बियांमधलेच कोंब असतात. फ्रान्सच्या पिएर फोशार या दंतवैद्याने 1728 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, सूक्ष्मदर्शकातून पाहूनही किडलेल्या दातांत आपल्याला किडे दिसले नाहीत, असं नोंदवून ठेवलं आहे. दात पोखरतं ते आम्ल. तोंडातले जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आवरण झिजवतं. साखर ‘नैसर्गिक’ आहे की कारखान्यातली, याचं जिवाणूंना काही नसतं. गूळ, मध, खजूर, चिकूचा रस, सगळं त्यांना चालतं. एकूण किती गोड खाल्लं, यापेक्षा दिवसभरात किती वेळा खाल्लं आणि दाताला किती वेळ चिकटून राहिलं, हे जास्त महत्त्वाचं. जेवणानंतर एक लाडू खाऊन पाणी पिणारं मूल दर तासाला बिस्किट चघळणाऱ्या मुलापेक्षा सुखरूप असतं. आणि बाटलीत गोड दूध घालून ती तोंडात ठेवून मुलाला झोपवणं तर टाळाच. वरचे पुढचे चार दात त्यानेच ओळीने किडतात. दुखऱ्या दाढेवर मशेरी किंवा तंबाखू दाबण्याची सवय काही घरांत आहे. मुलाच्या बाबतीत ती घातक आहे. तंबाखूतलं निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं.

बाकीचे समज त्या मानाने निरुपद्रवी आहेत, पण त्यांच्यापायी आईवडील उगाच हवालदिल होतात. ‘दातांवर दात आले’ हा त्यातला पहिला. खालचा पुढचा दुधाचा दात अजून जागेवर असताना मागच्या बाजूने पक्का दात डोकावतो आणि दोन रांगा दिसतात. खालच्या पक्क्या दातांचे कोंब मुळातच जिभेच्या बाजूला असतात, त्यामुळे असं वारंवार होतं. दुधाचा दात हलत असेल तर तो मुलाला रोज हलवू द्यावा. तो पडला की जीभच नव्या दाताला पुढे ढकलते आणि काही महिन्यांत तो रांगेत येतो. दोन-तीन महिन्यांतही दुधाचा दात सैल झाला नाही, किंवा वरच्या जबड्यात असं झालं, तर मात्र दाखवून घ्यावं.

‘पडलेल्या जागी जीभ लावू नकोस, दात वाकडा येईल’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. कुतूहलाने जीभ लावल्याने काही होत नाही. दात सरकतात ते वर्षानुवर्षं, तासन्‌तास पडणाऱ्या दाबाने, जसा अंगठा चोखण्याने पडतो. पक्के पुढचे दात यायला लागेपर्यंत अंगठा सुटलेला नसेल, तर त्याकडे लक्ष द्यायला हवं. जिभेची धास्ती घालायची गरज नाही.

वरच्या दोन नव्या दातांमधली फट पाहून लगेच तारांची चौकशी सुरू होते. आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान ही फट बहुतेक मुलांत असते. वरचे सुळे हाडातून खाली येताना शेजारच्या दातांच्या मुळांवर रेलतात, त्यामुळे दात पंख्यासारखे फाकतात; सुळे आले की फट बहुधा आपोआप मिटते. दंतशास्त्रात या टप्प्याला ‘कुरूप बदकपिल्लाचा टप्पा’ असंच नाव आहे. नवे दात फार मोठे वाटतात, कारण दात पूर्ण आकाराचे उगवतात आणि चेहरा अजून वाढायचा असतो. ते दुधाच्या दातांपेक्षा पिवळसर दिसतात, कारण आतला मूळचा पिवळसर थर जाड असतो. कडेला करवतीसारखे तीन उंचवटे असतात, ते चावून चावून झिजतात. यातलं काहीही आजाराचं लक्षण नाही, आणि दात पांढरे करणारी कुठलीही पावडर मुलाच्या दातांवर घासू नये.

शेजारच्या मुलाचे चार दात पडले आणि आपल्याचा एकही नाही, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करणारी घरं कमी नाहीत. ज्याचे दुधाचे दात उशिरा आले, त्याचे उशिराच पडतात, आणि हे बऱ्याच अंशी आनुवंशिक असतं. आठवं वर्ष उलटूनही एकही दात हलला नाही, किंवा एका बाजूचा दात आला आणि दुसऱ्या बाजूचा जोडीदार सहा महिन्यांनीही नाही, तर एक्स-रे काढून पाहावा. याउलट चार वर्षांच्या आत, काही लागलेलं नसताना दात पडला, तर लवकर दाखवावं. क्वचित तो शरीरातल्या दुसऱ्या एखाद्या विकाराचा पहिला इशारा असतो.

पडलेला दात उंदराच्या बिळाशी ठेवणं, कौलावर फेकणं आणि नवा मागणं, हे मात्र चालू द्या. त्यात कुणाचं नुकसान नाही, आणि उंदराचे पुढचे दात खरोखरच आयुष्यभर वाढत असतात. दोरा दाताला आणि दाराला बांधून हिसका देणं तेवढं थांबवा. मूळ पुरतं विरघळलेलं नसेल तर दात मोडतो, हिरडी फाटते आणि मुलाच्या मनात दातांच्या डॉक्टरची भीती बसते ती कायमची. दात आपणहून पडला की स्वच्छ कापसाचा बोळा दहा-पंधरा मिनिटं दाताखाली दाबून धरला की पुरतं. जेवताना गिळला गेला, तरी तो पोटातून निघून जातो. खोकला किंवा ठसका थांबत नसेल तरच दवाखाना गाठायचा.

दात तपासायला पैसे पडतील म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी करतात, तिच्यात दातांचाही समावेश आहे. मुंबई आणि नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, तसंच मुंबई महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे आणि उपचार खासगी दवाखान्यांच्या तुलनेत फार कमी खर्चात होतात. सहाव्या वर्षीची दाढ नुकतीच आलेली असेल, तर तिच्या वरच्या खोल चिरा सीलंटने बुजवून घेता येतात. दुखत नाही, भूल लागत नाही. घरी फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते, आणि मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्या माणसाने करून द्यायला हवा.

शेवटची एक गोष्ट शाळेतल्या शिक्षकांनाही माहीत असायला हवी. मैदानात पडून आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा पुढचा पक्का दात मुळासकट निखळला, तर तो पुन्हा बसवता येतो. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मूळ घासायचं नाही, माती लागली असेल तर दुधात किंवा स्वच्छ पाण्यात क्षणभर बुडवायचा, जमलं तर त्याच खाचेत बसवायचा, नाहीतर वाटीभर थंड दुधात टाकून तासाभराच्या आत, जमल्यास त्याआधीच, दंतवैद्याकडे पोचायचं. निखळलेला दात दुधाचा असेल, तर तो परत बसवायचा नाही. खालच्या पक्क्या कोंबाला इजा होऊ शकते. तरीही हिरडी आणि जबड्याला किती लागलं आहे, ते त्याच दिवशी दाखवून घ्यायचं.