वानगीवर जिंकलेली बाजारपेठ

धान्याच्या व्यापारात नव्या पेढीचा माल कोणी डोळे मिटून घेत नाही. आधी वानगी पाहतात. विमानांच्या व्यापारातही हेच घडले.

१९७० साली फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांनी मिळून एअरबस ही संस्था स्थापन केली, तेव्हा मोठ्या प्रवासी जेट विमानांच्या बाजारात अमेरिकन कंपन्यांचे, त्यातही बोइंगचे, वर्चस्व होते. एअरबसचे दोन इंजिनांचे ए-३०० विमान १९७४ मध्ये सेवेत आले. आपल्या इंडियन एअरलाइन्सने ते १९७६ मध्ये घेतले. परंतु अमेरिकेत गिऱ्हाईक मिळेना. तयार विमाने तुलूज येथे पडून राहिली. अखेर १९७७ साली ईस्टर्न एअर लाइन्सला चार विमाने सहा महिने भाड्याविना वापरावयास दिली. चंद्रप्रदक्षिणा केलेले अंतराळवीर फ्रँक बोरमन तिचे प्रमुख होते. इंधनाची बचत अनुभवास येताच १९७८ मध्ये ईस्टर्नने २३ विमानांची मागणी नोंदविली.

माझ्या उमेदीच्या काळी माझी वानगी दोन दुकानांतून परत आली होती. तिसऱ्याने एक पोते ठेवून घेतले. त्यावर पेढी उभी राहिली. मात्र पोत्यातील दाणा वानगीसारखाच निघावा लागतो. बंधूंनो, पत तेथेच जमते, आणि जातेही तेथेच.